चार दिवसांची वाट

"उघड गं, सात वाजले!"

मागच्या दाराची जाळी धडाधड वाजली, तशी ग्लेनिसच्या हातातला चहा हिंदकळला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा. बाहेर अजून उजाडायचं होतं आणि जूनच्या हिवाळ्यातली ती कोरडी, हाडात शिरणारी थंडी जाळीतून आत येत होती.

"साडेसहा झालेत, केल. तुझा फोन परत सिडनीच्या वेळेवर गेलाय."

"आयला ह्या फोनच्या!" दारात तिचा थोरला भाऊ केल्विन उभा होता. फोन त्याला नातीने सिडनीत बसून लावून दिला होता, तेव्हापासून तो अर्धा तास पुढेच पळत होता. ब्रोकन हिलच्या माणसाला हा अर्ध्या तासाचा घोळ काही नवा नाही. राज्य सिडनीचं आणि घड्याळ ॲडलेडचं, असा संसार हे गाव पिढ्यान् पिढ्या करत आलंय. पण आज ग्लेनिसला तो अर्धा तास नको होता. तो खरंच सातला आला असता, तर सगळे लगेच कामाला लागले असते, बोलायला सवडच राहिली नसती.

चौसष्ट वर्षांच्या केल्विनच्या पाठीवर भलीमोठी सॅक होती. ओसरीच्या बाकाला पाठ लावून, गुडघे वाकवून त्याने ती बाकावर टेकवली आणि पट्ट्यांतून हात सोडवून घेतले. एवढ्या थंडीत त्याच्या कानामागून घाम ओघळत होता.

"तू सॅक घेऊन चालत आलास?"

"मग काय! चार किलोमीटर तर आहे." मध्ये श्वास घेतला. "रविवारपासून रोज चालतोय." पुन्हा श्वास. "म्हटलं, सराव हवा."

किती वेळा श्वास घेतला ते ग्लेनिसने मोजलं. मोजायचं ठरवून नव्हे. एकतीस वर्षं ती गावच्या इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून, मोजून ठेवण्याच्या खोलीत काम करत होती. कात्र्या किती गेल्या, किती परत आल्या, चिमटे किती. तिच्या मोजण्यात आजवर एक सुईसुद्धा कमी आली नव्हती, आणि ह्या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

"आला का आमचा पहिलवान?" स्वयंपाकघरातून द्रागा ओरडली. ग्लेनिसची ही मैत्रीण शाळेची बस चालवायची. आवाज बसच्या भोंग्यासारखा, आणि मनात आलेलं तोंडात थांबत नसे. आज तिने रजा घेतली होती. टेबलावर तिचा लॅपटॉप होता, शेजारी ग्लेनिसचा, आणि दोन्हींच्या मध्ये तो मोठा कागद पसरलेला.

केल्विन हात धुवायला गेला, तशी द्रागा टेबलावर वाकली. "सांगितलंस?"

"नाही."

"ग्लेनिस!"

"सांगते ना."

"कधी? विमानात बसल्यावर?"

त्या कागदावर जानेवारीचे एकतीस चौकोन आखलेले होते. न्यूझीलंडचा अख्खा महिना. दोन वर्षं खपून तिघांनी तो भरला होता. आधी समुद्राच्या खाडीतून आठवडाभर वल्हवायचं, मग जुन्या रेल्वेमार्गावरून सायकली, शेवटी बर्फाच्या नद्या बघत किनाऱ्याने खाली. आणि बरोबर मध्यावर चार चौकोन, हिरव्या पेन्सिलीने, केल्विनच्या ठसठशीत अक्षरात: वाट.

चार दिवस पायी. डोंगरातून, ओल्या रानातून, धबधब्यांच्या पायथ्यापायथ्याने. बाकी सगळा महिना ह्या चार दिवसांभोवती बांधलेला. वाटेवर मुक्कामाच्या खोपी मोजक्या, खोपीत खाटा मोजक्या, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सगळ्या खाटा आज, तिकडच्या साडेनऊला, म्हणजे इथल्या सातला एकदम खुल्या व्हायच्या. जगभरची माणसं त्या एका मिनिटासाठी टपून बसलेली.

केल्विनचं हे वेड जुनं होतं. चाळीस वर्षं तो खाणीत पंप दुरुस्त करत होता. वर गावात पाण्याची बोंब, आणि खाली जमिनीच्या पोटात खाणीला पाणी लागलेलं. ते वर ढकलत राहायचं हे त्याचं काम. खाली डबा खायच्या खोलीत कुणीतरी एक कॅलेंडर लावलं होतं. तळं, त्यावर धुकं, आणि चहूबाजूंच्या कड्यांवरून कोसळणारं पाणी. वर्ष संपलं तरी केल्विनने ते काढू दिलं नाही. निवृत्त झाला त्या दिवशी घड्याळ, प्रशस्तिपत्र वगैरे टेबलावरच विसरून आला आणि कॅलेंडर तेवढं गुंडाळून घरी आणलं. बायको होती तोवर तिच्या दम्यापायी जाता आलं नाही. ती गेल्यावर एकट्याने कसं जायचं म्हणून राहिलं. मग एकदा ग्लेनिसच म्हणाली, "चल, आपण जाऊ." त्या दिवशी त्याने तिच्या अंगणातला तुटका नळ, सांगितलं नसताना, बदलून टाकला होता.

आणि मग आला गेला रविवार.

सगळं सामान पाठीवर घेऊन गावाबाहेरच्या खडकाळ टेकड्यांतून चौदा किलोमीटर चालून बघायचं, असं ठरलं होतं. दोघी दुपारी एकला गाडीपाशी पोचल्या. केल्विन आला दोन चाळीसला. ओठ राखेसारखे, पाय ओढत. त्याला घरी सोडून द्रागाने पुढच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "त्याला नेता येणार नाही." ग्लेनिसला ते पटलं होतं. "मी सांगते," ती म्हणाली होती, "बुकिंगच्या आधी सांगते." सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. आज गुरुवार होता.

सातला दोघींनी एकदमच बटण दाबलं, आणि पडद्यावर रांगेतले आकडे आले.

"माझ्यापुढे अकरा हजार माणसं," द्रागा म्हणाली. "झालं कल्याण. तुझ्यापुढे?"

"तीन हजार आठशे."

"बस! तुझ्यावरच सगळं."

केल्विन ग्लेनिसच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आकडा उतरत होता. तीन हजार पाचशे. तीन हजार. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता, अजून पुरता खाली बसलेला नव्हता. टेबलाखालून द्रागाने तिच्या पायावर पाय मारला. ग्लेनिसने पाय मागे घेतला. दोन हजार. टोस्ट गार झाले, कुणी हात लावला नाही. "बस ना रे जरा," ती केल्विनला म्हणाली. "बसून दिसत नाही," तो म्हणाला. नऊशे. चारशे. सात चोवीसला पडदा पांढरा झाला आणि तारखा उघडल्या.

"चौदा, पंधरा, सोळा," केल्विनने तिच्या खांद्यावरून बोट पुढे केलं. "बघ, बघ! किती आहेत?"

"तीन. प्रत्येक रात्रीच्या तीनच राहिल्यात."

"तीनच!" त्याने मांडीवर थाप मारली. "अगं, आपल्याच आहेत त्या! आपल्यासाठीच ठेवल्यात!"

ग्लेनिसने तिन्ही धरल्या. कोपऱ्यात वीस मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. नावं, जन्मतारखा, पासपोर्टाचे आकडे. खाली लाल अक्षरांत सूचना होती, ती तिने सवयीने मोठ्याने वाचली: एकदा दिलेलं नाव बदलता येणार नाही, जागा दुसऱ्याला देता येणार नाही. त्याखाली एक लहानशी चौकट होती. गटातला प्रत्येक जण आपलं ओझं घेऊन रोजचं अंतर दिवसाउजेडी चालू शकतो, याची गटप्रमुखाने खात्री द्यावी. ही चौकट मात्र तिने मनातल्या मनात वाचली.

तिने स्वतःचं नाव भरलं. द्रागाचं भरलं. तिसऱ्या ओळीपाशी तिचा हात थांबला.

"काय झालं?" केल्विन म्हणाला. "जन्मतारीख विसरलीस काय? सतरा ऑगस्ट."

"केल."

"सतरा ऑगस्ट म्हटलं ना."

"केल, रविवारी तू एक तास चाळीस मिनिटं मागे होतास."

त्याने पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

"हो," तो म्हणाला. "होतो."

"तीनदा खाली बसलास. मी वळून बघत होते."

"चारदा. एकदा तुझं लक्ष नव्हतं."

"अरे बाबा," द्रागा मध्ये पडली, "तिथे पाऊस आला की ओढे चढतात. अंधार पडायच्या आत खोपीत पोचावंच लागतं. तू मागे राहिलास तर आम्ही काय करायचं? तुला टाकून पुढे जायचं?"

"जायचं."

"बघ! हे असलं बोलतोस ना, म्हणूनच!" द्रागाचा आवाज चिरकला. तिने कप उचलला आणि रिकामा आहे हे पाहून परत ठेवला.

केल्विनने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "म्हणजे हे रविवारीच ठरलंय तुमचं."

द्रागाने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"आणि मला आज सांगताय. घड्याळ लावून."

"मला जमलं नाही रे," ग्लेनिस म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "शपथेवर सांगते, रोज ठरवत होते. तुझा आवाज ऐकला की तोंडच उघडायचं नाही. तुला तिथं काही झालं तर मी काय करू? मला तू एकटाच आहेस."

नऊ मिनिटं राहिली होती. केल्विनने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्यापाशी वाकून ती लहान चौकट सावकाश, एकेक शब्द करत वाचली.

"प्रमुखाने खात्री द्यायची," तो म्हणाला. "प्रमुख तू. तुला आहे खात्री?"

आहे म्हणावं, असं तिला फार, फार वाटलं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. पण रविवारचे ते राखेसारखे ओठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि एकतीस वर्षांत तिने न मोजता कशाखालीच सही केली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग माझी काढ आणि दोघींची दाब. थांबलीस तर त्याही जातील."

तिने तिसरी ओळ काढली. चौकटीत खूण केली. दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली, अभिनंदन वगैरे आलं. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला.

"बरं झालं," केल्विन म्हणाला. चष्मा खिशात ठेवला. "चांगलं झालं. मी जरा सॅक रिकामी करतो. उगाच एवढं घरी कशाला वाहायचं."

जाळीचं दार त्याच्यामागे हळूच लागलं.

आता बाहेर चांगलं फटफटलं होतं. सिंकच्या खिडकीतून ग्लेनिसला तो दिसत होता. त्याने ओसरीवरची सॅक उघडली, आतून दोन लिटरची बाटली काढली आणि लिंबाच्या झाडाशी ओणवा होऊन ती आळ्यात ओतायला लागला. सावकाश, माती पिईल तसतशी. एक झाली. दुसरी काढली. तिसरी कुंड्यांना घातली, एकेका कुंडीला थोडं थोडं. ह्या गावात जन्मलेला माणूस रागात असला तरी पाणी भुईवर फेकत नाही. चौथी. पाचवी. ग्लेनिस मोजत होती, आणि आपण मोजतोय हे तिला सहावीला कळलं.

"काय काढतोय तो एवढं?" द्रागा शेजारी येऊन उभी राहिली.

"पाणी."

सात. आठ. नऊ.

"नऊ बाटल्या," ग्लेनिस म्हणाली. "अठरा लिटर."

"अठरा लिटर पाणी पाठीवर घेऊन हा घरून चालत आला? वेडबिड लागलंय का ह्याला, त्या देशात कुणी पाणी..." द्रागा बोलता बोलता थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ग्लेनिस सपाता घालूनच अंगणात धावली.

"केल! रविवारी पण होतं हे?"

"काय?"

"पाणी! रविवारी पण एवढं पाणी होतं तुझ्या पाठीवर?"

"मग? पाण्याशिवाय रानात जातात होय?" त्याने रिकाम्या बाटलीचं बूच लावलं. "तिघं जण, माणशी सहा लिटर. तुम्ही दोघींनी एकेकच बाटली घेतलेली, मी बघितलं ना सामान चढवताना. म्हटलं, विसरल्या. वाटेत मागतील."

"आम्ही विसरलो नव्हतो रे! तिथे पावलापावलाला ओढे आहेत, म्हणून आम्ही तिथल्यासारखंच—"

"असं लिहितात," केल्विन म्हणाला. "आपल्या इथल्या मेनिंडीच्या तळ्यांबद्दल पण लिहितात. फोटोत होड्या काय, बगळे काय. आपण गेलो तेव्हा काय होतं? चिखलसुद्धा नव्हता."

"पण तू मला वजन तेरा किलो सांगितलंस! माझ्या यादीत लिहिलंय!"

"तेराच आहे. काट्यावर ठेवून सांगितलं." तो तिच्याकडे खरंच न समजून बघत होता. "पाणी कुठे वजनात धरतात?"

आणि खरंच, कुणीच धरत नव्हतं. त्यांचे वडीलही धरत नसत. ह्या गावात ओझं सांगायचं ते कोरडं. पाणी त्यावर असतंच, जसे अंगावर कपडे असतात. ग्लेनिसने यादीत मोज्यांचं वजन ग्रॅममध्ये लिहिलं होतं. दात घासायच्या ब्रशाचं लिहिलं होतं. पाण्याची ओळ तिने आखलीच नव्हती, आणि कुणालाही, तिला स्वतःलासुद्धा, ते खटकलं नव्हतं. तेरा आणि अठरा, एकतीस. तिच्या पाठीवर बारा होते, द्रागाच्या अकरा. चौसष्टाव्या वर्षी हा माणूस दोघींच्या ओझ्याच्या बेरजेहून जास्त ओझं घेऊन चौदा किलोमीटर चालला होता, तेही त्यांचं पाणी घेऊन. लाजेने तिचं तोंड पेटल्यासारखं झालं.

"मग मघाशी सांगायचं नाहीस? मी एवढं बोलत होते तेव्हा?"

"काय सांगायचं? रविवारी उशीर तर झालाच होता."

ती आत धावली. द्रागा ग्लेनिसच्या लॅपटॉपपुढे बसली होती. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं.

"चौदाची गेली," ती म्हणाली. "सोळाची गेली. पंधराची एक होती, माझ्या डोळ्यांदेखत गेली. चारदा बघितलं मी."

"माझी त्याला दे. माझं नाव काढ आणि त्याचं घाल."

"नाव बदलत नाही, ग्लेन. तूच वाचलंस मघाशी."

"मग माझी सोडून दे, आणि लगेच—"

"सोडलीस की रांगेतल्या कुणाला तरी जाईल. तुझ्यापुढे मघाशी चार हजार होते, आता किती असतील?" द्रागा उठली आणि खिडकीतून बाहेर ओरडली, "अरे गाढवा, तोंड शिवलं होतं का तुझं?" आणि मग ती, जिच्या एका हाकेने बसमधली साठ पोरं चिडीचूप व्हायची, टेबलाशी बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

केल्विन दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. बुटांना ओली माती होती.

"पुरे झालं," तो म्हणाला. "कोण मेलंय का इथं? तुम्ही दोघी जाऊन या. बाकीच्या महिन्याचं बघू पुढे."

"केल, मी नाही जाणार."

"जाणार तू. आणि एक काम करायचं माझं." त्याने बुटाची माती पायरीवर घासली. "ओढे मोजायचे. पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत. खरंच एवढं पाणी आहे का तिथं, ते मला कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही."

ग्लेनिसला हुंदका आवरेना. तिने नुसती मान हलवली.

"चहा तरी घेऊन जा," द्रागा ओंजळीतूनच म्हणाली.

"नको, घरी कामं पडलीत."

त्याने नऊच्या नऊ रिकाम्या बाटल्या नीट सॅकमध्ये भरल्या, चेन लावली. मग बाकाला पाठ लावून, गुडघे वाकवून, दोन्ही पट्ट्यांत हात घातले, श्वास रोखला आणि कंबरेतून जोर लावून उठला. सॅक एकदम वर आली. एवढा जोर लागलाच नाही, तसा तो दोन पावलं पुढे झोकांडला आणि लिंबाची फांदी हातात आली म्हणून सावरला.

"अरेच्चा," तो म्हणाला आणि ओशाळं हसला.

फाटक उघडून तो रस्त्याला लागला. ग्लेनिस फाटकापर्यंत गेली. खाणीच्या ढिगाऱ्याकडे जाणारा तो चढ गावातला सगळ्यात अवघड, तरणी माणसंसुद्धा मध्ये एकदा कंबरेवर हात ठेवून उभी राहतात. केल्विन ताठ पाठीने, लांब लांब ढांगा टाकत तो चढायला लागला. द्रागा डोळे पुसत मागे येऊन उभी राहिली. वळणापर्यंत तो एकदाही थांबला नाही.